भिंत थांबेपर्यंत

बाटल्यांच्या कारखान्यात सगळ्यात शेवटी एक लांबट खोली आहे. भट्टीची धग तिथवर पोचत नाही, आणि साहेब लोकही सहसा पोचत नाहीत. खोलीच्या मधोमध सरकता पट्टा. त्यावरून बाटल्या एकामागून एक येतात, उजेडाच्या पांढऱ्या काचेसमोरून जातात आणि पुढे डब्यांत भरल्या जातात. उजेडासमोर बायका बसतात आणि बघतात. बुडबुडा, खडा, केसाएवढी चीर दिसली की बाटली उचलायची आणि पिंपात टाकायची. काम एवढंच. 'एवढंच' म्हणणाऱ्याने तिथे एक दिवस बसून दाखवावं, मग माझ्याशी बोलावं.

बाटलीला दोन बाजू असतात, म्हणून बसायच्या जागाही दोन. आधी अलीकडच्या अंगाची बाई बघते, चार पावलं पुढे पलीकडच्या अंगाची. उजेडाच्या खुर्चीवरच्या बाईशी कुणी बोलायचं नाही, असा तिथला रिवाज. मालकाने घातलेला नाही, बायकांनीच घातलेला. बदलीची बाई आली की ती खांद्यावर नुसता हात ठेवते. बसलेली उठते आणि नळाजवळच्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून उभी राहते.

हे भिंतीचं नव्या माणसाला कळत नाही. इतका वेळ बाटल्या एकाच दिशेने जाताना बघितल्या की डोळ्यांना त्याची सवय लागते. मग थांबलेली वस्तू बघावी तर ती उलट्या दिशेने सरकायला लागते. टेबल सरकतं, चहाचा पेला सरकतो. नवी मुलगी पेला धरायला जाते आणि पेल्याच्या शेजारची हवा धरते. चहा टेबलावर आणि खोलीभर हसू. म्हणून आधी भिंत. भिंतसुद्धा जरा वेळ वाहते, मग हळूहळू जागेवर येते. "भिंत थांबली का गं?" असं एकमेकींना विचारतात. थांबली म्हटलं की मगच चहा हातात मिळतो.

आमच्या संघटनेत त्या खोलीतल्या बऱ्याच बायका आहेत, म्हणून मला हे ठाऊक. जिची गोष्ट सांगतेय तिला सगळ्या 'दुर्बीण' म्हणत. तिच्या हाताखालून सदोष बाटली गेली असं कधी झालं नाही. गंमत म्हणजे तिचं लक्ष कामावर नसायचंच. "डोळे कामावर, मन रजेवर," ती म्हणायची. प्रत्येक बाटलीला ती कुठेतरी पाठवून द्यायची. ही औषधाची, ती एका म्हाताऱ्या मास्तरांच्या उशाशी जाईल, आणि मास्तर ती सूनबाईच्या नजरेआड ओततील. ही तेलाची. हिच्यात एक मुलगी रोप लावेल आणि पाणी घालायला विसरेल. एखादी आवडलेली बाटली पिंपात टाकायची वेळ आली, तर घरातलं माणूस गेल्यासारखं तिचं तोंड व्हायचं.

"दुर्बिणीला भाडं न देता शंभर घरं आहेत," बायका चिडवायच्या.

"आणि एकाही घरात सासू नाही!" ती म्हणायची.

खरी सासू होती, आणि चांगली खणखणीत होती. मूलबाळ नव्हतं. नवरा रंगारी. इमारतींना रंग द्यायचा, परांचीवर दिवसभर लोंबकळत. दुर्बीण हवेत इमले बांधायची आणि तो ते ऐकून विचारायचा, "रंग कुठला देऊ बाईसाहेब?" दोघं रविवारी फिरायला गेली की हा रस्त्यातल्या भिंतींचे वाभाडे काढायचा. हा कोपरा बघ, इथे ब्रश पुसलाय. ही खिडकी बघ, घासली नाही आणि वरूनच मारलं. तीही त्याच्या डोळ्यांनी भिंती बघायला शिकली.

मग एक दिवस परांची सुटली. बांबू कुणी बांधले, दोर कुणाचा होता, यावर ठेकेदाराशी माझं जे वाजलं ते वेगळं सांगेन कधीतरी. तो डोक्यावर पडला एवढं इथे पुरे. श्वास स्वतःचा स्वतः घेत होता. डोळे कधी उघडे असायचे, कधी मिटलेले, पण उघडे असले तरी ते कुणाचे नव्हते. नाकातून नळी. हाक मारली तर उत्तर नाही, चिमटा काढला तरी नाही.

भेटीची वेळ संध्याकाळची, आणि तीही तोकडी. दवाखाना कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर, पण पाळी सुटायची तेव्हा भेटीची वेळ सुरू होऊन गेलेली असायची. ती खुर्चीवरून उठायची, पदर सावरायची आणि धावत सुटायची. वाटेत उन्हाचा त्रास नको म्हणून डोळ्यांवर ओढणीसारखा पदर ओढायची, पायाखालचं तेवढं बघायची. चहा सुटला, गप्पा सुटल्या. हळूहळू खोलीतल्या बायकांनी तिला विचारणंही सोडलं. त्यांनी तरी रोज काय विचारायचं? कसा आहे तर तसाच आहे. दुसऱ्याच्या दुःखाला माणसं आठवडाभर पुरतात. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही, बघितलंय म्हणून लिहिते.

वॉर्डात ती स्टुलावर बसायची. तिच्या डाव्या हाताला खिडकी, उजव्या हाताला दार, समोर तो. बोलायला कुणी नाही. मग ती बघायची. पंख्याचं एक पातं बाकीच्यांपेक्षा नवं आणि पांढरं होतं, त्यामुळे पंखा फिरताना मध्येच डोळा मारल्यासारखा दिसायचा. शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या चपला रोज वेगळ्या दिशेला तोंड करून असायच्या, आणि तो माणूस तर उठत नव्हता. समोरच्या इमारतीच्या गॅलरीत एक गृहस्थ शर्टाला इस्त्री करायचा, एकच शर्ट, फार मन लावून. दुर्बिणीने त्याचं लग्न ठरवून टाकलं. मुलगी पसंत होती, पण तिच्या भावाला याचं नाक आवडत नव्हतं. रोज थोडं थोडं पुढे सरकायचं ते लग्न.

आणि भिंती. वॉर्डाला फिकट हिरवा रंग होता. खिडकीखाली त्याचा ओघळ सुकलेला, चौकटीवर ब्रशचे केस तसेच चिकटलेले. ती मनातल्या मनात नवऱ्याला उठवून बसवायची आणि त्याच्या तोंडून त्या रंगाऱ्याला शिव्या ऐकवायची. "हा काय रंग मारला म्हणायचा? हा मारून पळालाय!" तो म्हणायचा, आणि ती हसायची. एकदा खरंच मोठ्याने हसली.

"काय गं पोरी, काय झालं?" वॉर्डातल्या मावशीने फरशी पुसता पुसता विचारलं.

"काही नाही मावशी. हे भिंतीला नावं ठेवतायत."

मावशीने त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "ठेवू दे," ती म्हणाली, "मी पण ठेवते. पुसायला जीव जातो माझा."

हे सगळं तिने मला नंतर सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी. तेव्हा सांगायला तिच्याकडे कुणी नव्हतं.

एका संध्याकाळी त्याचा हात हलला.

पांढऱ्या चादरीवर त्याचा उजवा हात पालथा ठेवलेला होता. ती धापा टाकत आली, स्टुलावर टेकली, हाताकडे बघितलं, आणि हात सरकला. हळू, अगदी मुंगीच्या पावलाने, पण सरकला. खिडकीच्या दिशेने. ती ओरडली. मावशी धावत आली. तोवर हात जागच्या जागी होता.

"देवाशप्पथ मावशी, खिडकीकडे गेला."

"जाणारच. आत कोण राहील या वासात? बाहेर पळायचं असेल त्याला."

मावशी गमतीने बोलली, पण दुर्बिणीने ते गाठीशी बांधलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आली, बसली, हात सरकला, खिडकीकडे. तिसऱ्या दिवशीही. रविवारी ती घरून निवांत आली, तेव्हा नाही हलला. तिने स्वतःची समजूत घातली, रविवारी कोण काम करतं? खिडकीचं मात्र तिला मनापासून पटलं. उजेडात काम करणारा माणूस, तो उजेडाकडेच जाणार. तिने इमला चढवायला घेतला. आधी हात, मग बोटं, मग खांदा. मग तो उठून बसणार, आणि पहिलं वाक्य या भिंतीबद्दलच बोलणार.

घरी सासू दाराशी खुर्ची टाकून बसलेली असायची. गुडघ्यांमुळे तिला दवाखान्याचे जिने चढवत नव्हते. मुलगा पडल्यापासून सुनेशी तिचं बोलणं कामापुरतं झालं होतं. आता ती सून वळणावर दिसली की ओरडायची, "हलला का?"

"हलला आई!"

"कुठला?"

"उजवाच."

"उजवाच हलणार. लहानपणापासून डाव्याने त्याने कधी काडी उचलली नाही." मग म्हातारी लंगडत आत जायची आणि सुनेसाठी चहा टाकायची. हे असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. तो हात हलायला लागल्यापासून त्या घरात दोन माणसं राहत होती. त्याआधी नुसत्या दोन बायका होत्या.

दवाखान्याचं म्हणणं निराळं. छोटा डॉक्टर सकाळी यायचा, टाचणी टोचायचा, डोळ्यांत उजेड पाडायचा आणि मान हलवायचा. घरी न्या म्हणाला, सेवा करा. वरच्या मजल्यावर एक वॉर्ड होता. थोडीफार हालचाल दाखवणाऱ्यांना तिथे ठेवून घेत, व्यायाम देत, बोलायला शिकवत. पण तिथे जायला आधी माणसाने काहीतरी हलवून दाखवायला हवं.

तेव्हा ती माझ्याकडे आली. "ताई, रोज हलतो. संध्याकाळी. सकाळी येऊन टोचतात ते, आणि म्हणतात हलत नाही."

मी गेले. मी शांतपणे बोलायचं ठरवून गेले होते, पण छोट्या डॉक्टरने मला बसायलाही न सांगता "तुम्ही कोण?" असं विचारलं, आणि मग माझं ठरलेलं सगळं उडालं. मी त्याला धारेवर धरलं. म्हटलं, तुमचा रोगी संध्याकाळी हलतो आणि तुम्ही सकाळी बघता. पाहुणा संध्याकाळी येणार असेल तर सकाळी दार उघडून 'आला नाही' म्हणता का? बायको खोटं बोलते का? जी बाई केसाएवढी चीर पळत्या बाटलीत बघते, तिला स्वतःच्या नवऱ्याचा हात दिसणार नाही? वॉर्ड गोळा झाला. शेवटी मोठे डॉक्टर बाहेर आले. शांत माणूस. म्हणाले, "ठीक आहे. गुरुवारी संध्याकाळी मी स्वतः येतो. या बाई असतील तेव्हाच बघतो. हात हलला तर वर नेऊ."

मी जिंकले, असं मला वाटलं. दुर्बिणीने जिन्यातच माझे हात धरले. घरी म्हातारीने वरच्या मजल्यावर न्यायला म्हणून मुलाचा धुतलेला सदरा काढून ठेवला.

मंगळवारी कारखान्यात एक पलीकडच्या अंगाची बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली, आणि तिच्या खुर्चीवर एरवी अलीकडे बसणाऱ्या दुर्बिणीला बसवलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. बाटल्या त्याच, उजेड तोच. पाळी सुटली, ती उठली, पदर सावरला, धावली. स्टुलावर टेकली. हाताकडे बघितलं.

हात सरकला. दाराकडे.

ती मला म्हणाली, "ताई, पहिल्यांदा मला राग आला. म्हटलं इकडे कुठे? तुमचं तर खिडकीचं ठरलं होतं." मग ती बसून राहिली. पट्टा एकच. पण अलीकडून बघितलं तर बाटल्या डावीकडून उजवीकडे जातात, आणि पलीकडून बघितलं तर उजवीकडून डावीकडे. भिंतीपाशी न थांबताच ती धावत यायची, आणि खुर्ची बदलली म्हणून हाताची दिशा बदलली. पांढरी चादर, तिच्यावर खूण म्हणून एक हातच. दुसरं काही होतंच कुठे तिथे सरकायला.

आता कुणी शहाणा विचारेल, इतकी वर्षं त्या खोलीत काढलेल्या बाईला हे आधी कळू नये? ज्याच्या घरी संध्याकाळी माणसं वाट बघत असतात त्यानेच हे विचारावं, आणि मोठ्याने विचारू नये.

त्या दिवशी वळणावर सासूने नेहमीप्रमाणे विचारलं. दुर्बीण म्हणाली, "हलला." बुधवारी तेच विचारलं, तिने तेच सांगितलं. सदरा खुंटीला होता. दुर्बिणीने त्याची दोनदा घडी केली आणि तो पुन्हा अडकवला. गुरुवारपर्यंत ही गोष्ट जगात तिला एकटीलाच माहीत होती. कुणाला सांगणार? बायकांना सांगावं तर त्या हसतील, किंवा रडतील, दोन्ही नको. मला सांगावं तर मी ओरडेन. बरोबरच होतं, मी ओरडलेच असते.

गुरुवारी मी आधीच जाऊन बसले होते. मोठे डॉक्टर आले, छोटाही आला, तोंड वाकडं करून. मावशी उगाच त्याच खाटेखालची फरशी पुसत होती. दुर्बिणीचा पत्ता नाही. मी बाहेर बघायला गेले, तर ही बाई व्हरांड्यात, पाठ आमच्याकडे करून, भिंतीला नाक लावल्यासारखी उभी.

"अगं, तू इथे काय करतेस? ते खोळंबलेत आत!"

तिने वळून बघितलं नाही. "एक मिनिट ताई. भिंत थांबू दे."

खोलीतली ती सवय इथे कशाला, ते मला कळेना; वाटलं चक्कर आली असेल. मग ती आत आली, स्टुलावर बसली, आणि त्याच्या हाताकडे बघत राहिली. सगळेच बघत होते. पंखा फिरत होता. मीही इतकं टक लावून बघत होते की मला वाटलं, आता हलला, आता हलला.

"नाही हलत," ती म्हणाली.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "पण आधी हलायचा ना?"

"नाही. माझे डोळे हलत होते." मग तिने त्यांना सगळं सांगितलं, पट्टा, खुर्ची, खिडकी, दार. छोट्या डॉक्टरचं तोंड सरळ झालं. मोठ्यांनी ऐकून घेतलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेले. खांद्यावर हात पडल्याबरोबर ती सवयीने उठून उभी राहिली. मग पुन्हा बसली.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. "तुला तोंडाला कुलूप लावता येत नव्हतं? आज थकलाय, उद्या बघा म्हणायचं! मी आणखी दोन आठवडे खेचले असते!"

ती चालता चालता थांबली. तिचा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही. "ताई, तुम्हाला खाट हवी होती. मला ते हलायला हवे होते."

मी रिक्षा केली आणि तिला घरापर्यंत सोडायला गेले.

म्हातारी दाराशी होती. वळणावरूनच तिचा आवाज आला, "हलला का? डॉक्टरांना दिसला का?"

दुर्बीण खुर्चीपर्यंत चालत गेली. खाली बसली, सासूच्या गुडघ्याजवळ. म्हणाली, "नाही आई. हलतच नव्हता. मला तसं दिसायचं."

"म्हणजे आज नाही हलला."

"कधीच नाही."

म्हातारी रस्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग आता मी रोज काय विचारू?" आणि उठून आत गेली. चुलीवर चहाचं आधण ठेवलेलं होतं. तिने ते उतरवून ठेवलं.

त्याला घरी आणलं. थोड्या दिवसांनी सासू लेकीकडे गेली. भांडण नाही, काही नाही. मुलाकडे बघवत नाही म्हणाली, आणि सुनेकडेही बघवत नव्हतं बहुतेक, ते ती बोलली नाही. आता सकाळी शेजारीण नळी सांभाळते आणि संध्याकाळी दुर्बीण. कारखान्यातल्या बायकांना मी दोनदा बरोबर घेऊन गेले. त्या आल्या, बसल्या, घड्याळाकडे बघितलं, उठल्या. मी त्यांना रस्त्यात काय ते ऐकवलं. पण जबरदस्तीने कुणाचं मन बसवता येत नाही, मोर्चात बसवता येतं फार तर.

परवा मी एकटीच गेले. सुट्टीचा दिवस होता. एकच खोली, दार रस्त्यावर उघडतं. खाट आधी भिंतीलगत होती, ती तिने एकटीने ओढून आडवी केलेली. त्याचं तोंड दाराकडे, पाठीशी दोन उशा. ती शेजारी स्टुलावर, हातात त्याचा हात, आणि नजर बाहेर. तिचं बोलणं चालू होतं. मी आले हेही तिला लगेच कळलं नाही.

"…समोरच्यांनी फाटक निळं केलंय. खरवडलं नाही हो, जुन्यावरच मारलंय. पावसाळ्याच्या आत पापुद्रे निघतील. आणि तो छत्रीवाला पुन्हा आलाय. ऊन इतकं कडक आणि हा छत्री दुरुस्त करतोय म्हणतो. त्याची बायको त्याला घरात बसू देत नसणार. म्हणत असेल, जा, काहीतरी ओरडत फिर. ती कशी असेल सांगू? उंच असेल. त्याच्यापेक्षा उंच…"

मी दारात उभी राहून ऐकत होते. त्याचे डोळे उघडे होते. ते छत्रीवाल्याकडे नव्हते, माझ्याकडेही नव्हते. मी घसा खाकरला. विचारणार होते की जेवलीस का, कामावरून रजा मिळवून देऊ का, एखादी बाई मदतीला लावू का. बोलायला भरपूर घेऊन आले होते मी.

तिने वर बघितलं, ओळखीचं हसली.

"ताई, जरा बाजूला व्हा ना," ती म्हणाली. "त्यांना दिसत नाहीये."

मी बाजूला झाले.